माध्यमे अनेक असतील, तर हक्क एकगठ्ठा देऊ नका

कथा लिहिणारी, तिची चित्रे स्वतःच काढणारी, तिचे अभिवाचन ध्वनिमुद्रित करणारी आणि पुढे तिच्यावर एकांकिका किंवा लघुपट उभा करणारी मंडळी मराठीत आज पुष्कळ आहेत. त्यांचे प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात. 'मी स्वतःची ओळख नक्की काय म्हणून करून द्यायची?' 'एकच माध्यम धरून बसलो असतो तर बरे झाले असते का?' 'प्रकाशकाने करार पाठवला आहे, सही करू का?' 'पुस्तक ज्यांनी काढले त्यांनाच वेब मालिकेचे हक्क द्यावे लागतात का?' यातले पहिले दोन प्रश्न कारकिर्दीचे आणि पुढचे दोन कायद्याचे वाटतात, पण चारही प्रश्न एकाच मुद्द्यापाशी येऊन मिळतात. अनेक माध्यमांत वावरणाऱ्या कलावंताचे खरे भांडवल म्हणजे त्याच्या एकेका कृतीतून फुटणारे वेगवेगळे हक्क. छापण्याचा हक्क वेगळा, वाचून ऐकवण्याचा वेगळा, रंगमंचावर करण्याचा, पडद्यावर आणण्याचा आणि भाषांतराचा वेगळा. ते माध्यमागणिक आणि मुदतीगणिक सुटे ठेवलेत, तर प्रत्येक नवे माध्यम तुमच्यासाठी नवी वाट उघडते. एका सहीत सगळे देऊन टाकलेत, तर तुमच्याच कथेवर लघुपट करताना तुम्हाला दुसऱ्याची परवानगी मागावी लागते.

आधी मूळ शंका: एक ना धड, भाराभर चिंध्या?

अनेक माध्यमांत हात घालणाऱ्याला घरच्यांपासून समीक्षकांपर्यंत सगळे हेच ऐकवतात. मराठीतला इतिहास मात्र वेगळे सांगतो. अरुण कोलटकर जे. जे. कला महाविद्यालयातून आले, जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नावाजले आणि मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत त्यांनी कविता लिहिली. 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. विजय तेंडुलकरांनी वृत्तपत्रांत काम केले, नाटके लिहिली आणि 'सामना', 'निशांत', 'आक्रोश' यांच्या पटकथाही लिहिल्या. दिलीप चित्रे कवी, अनुवादक, चित्रकार होते आणि 'गोदाम' या हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शकही. नागराज मंजुळे यांची वाट कवितेतून 'फँड्री' आणि 'सैराट'कडे गेली. ही माणसे असामान्य होती, सामान्यांना हे कसे जमणार, असा आक्षेप यावर येईल. तो रास्त आहे, पण त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट प्रतिभा नसून कामाची मांडणी आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाला एका तरी माध्यमाचे पक्के कसब होते आणि दुसऱ्या माध्यमाकडे ते त्या कसबाच्या बळावर गेले. चिंध्या होतात त्या माध्यमे अनेक असल्यामुळे नव्हे. कुठलेच माध्यम कामाच्या दर्जापर्यंत न नेता पुढच्यावर उडी मारल्यामुळे त्या होतात.

म्हणून नवे माध्यम हाती घेण्याआधी स्वतःला हे तीन प्रश्न विचारा:

- ही कृती या माध्यमात काही नवे मिळवते का? कथेचे ध्वनिरूप म्हणजे नुसते मोठ्याने वाचन असेल, तर आधी मजकूर ऐकण्याजोगा करावा लागेल. कागदावर चालणारी लांब वर्णने कानाला जड जातात.
- या माध्यमातले कोणते काम मला स्वतःला करता येते आणि कोणते दुसऱ्याकडून करून घ्यावे लागेल? दुसऱ्याकडून करून घेतलेल्या प्रत्येक कामाबरोबर एक हक्कदार वाढतो.
- पोट कोणत्या माध्यमावर चालणार? त्याचे उत्तर स्पष्ट असेल, तर बाकीच्या माध्यमांत घाईचे आणि पडेल किमतीचे करार करावे लागत नाहीत.

ओळखीचा प्रश्नही इथेच सुटतो. सगळ्या बिरुदांची माळ सगळीकडे लावू नका. प्रकाशकाला दाखवायचा परिचय लेखकाचा असू द्या, कलादालनाला दाखवायचा चित्रकाराचा. प्रत्येक परिचयात त्या माध्यमातले पुरे झालेले काम आधी येऊ द्या. ओळख एका ओळीत मावलीच पाहिजे असा नियम कुठेही नाही, पण समोरच्याला लागणारी ओळ पहिली असावी.

कायदा तुमच्या बाजूने कुठे उभा आहे आणि कुठे नाही

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यात लेखकांच्या बाजूचे मोठे बदल झाले. कृती लिहून, रेखाटून किंवा ध्वनिमुद्रित होऊन मूर्त रूपात आली की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. ती केलीत तर वाद उद्भवल्यावर पुरावा म्हणून उपयोगी पडते. साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. इतका दीर्घ काळ टिकणारी मालमत्ता आपण दोन पानांच्या करारावर देत असतो, ही जाणीव सही करताना हवी.

बहुमाध्यमी कलावंताने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट अशी, की कायदा त्याच्या सगळ्या कामांना एकाच मापाने मोजत नाही. समजा, एका प्रकाशकाने तुम्हाला बालकथा लिहायला आणि तिची चित्रे रंगवायला पैसे देऊन सांगितले. तुम्ही नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक असाल, तर कथेच्या मजकुराचे पहिले मालक तुम्ही. पण मोबदला देऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेले रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र याचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. एकच पुस्तक, एकच हात, तरी मजकूर तुमचा आणि चित्रे प्रकाशकाची. 'चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील' हे एक वाक्य करारात असले, की हा फरक मिटतो. काम सुरू करण्याआधीच ते घालून घ्या.

आणखी काही तरतुदी लक्षात ठेवा:

- लेखी सहीशिवाय हस्तांतर नाही. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि तुमच्या सहीचे असेल तरच वैध. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला, हे त्यात असायला हवे.
- मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत असे कायदा मानतो. काही करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द आवर्जून घातलेले असतात ते याचसाठी.
- घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत येतो, मात्र करारात वेगळे ठरले नसेल तरच.
- करार करताना अस्तित्वातच नसलेल्या किंवा व्यवहारात नसलेल्या माध्यमाचा हक्क, त्या माध्यमाचा नाव घेऊन उल्लेख असल्याशिवाय हस्तांतरित होत नाही.
- वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात नोकरी करत असाल, तर तुमच्या लेखाच्या नियतकालिकातल्या प्रसिद्धीचा हक्क मालकाचा. पुस्तक, नाटक, चित्रपट यांसाठीचा हक्क मात्र, उलट करार नसेल तर, तुमचाच.
- स्वतः अभिवाचन करत असाल, तर मजकुराच्या हक्काखेरीज सादरकर्ता म्हणूनही तुमचा स्वतंत्र हक्क आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र निर्मात्याचा असतो. म्हणून पॉडकास्टच्या पहिल्या भागाआधीच निर्माता कोण, हे लेखी ठरवा.

करारातले एक वाक्य जवळून वाचू

मराठी लेखकांसमोर येणाऱ्या करारांत या धाटणीचे वाक्य वरचेवर दिसते: 'लेखक सदर साहित्यकृतीचे आज ज्ञात असलेल्या व भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांतील, सर्व भाषांतील, संपूर्ण जगासाठीचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकास देत आहे.' यातला एकेक शब्द सुटा करून पाहा. 'सर्व माध्यमांतील' म्हणताच नाटक, चित्रपट, वेब मालिका, ऑडिओ आणि चित्रकादंबरी एकदम गेली. प्रकाशकाला यातले छापण्यापलीकडचे काही करता येते का, हे कोणी विचारलेच नाही. 'सर्व भाषांतील' म्हणताच हिंदी किंवा कन्नड अनुवादाचा निर्णय तुमच्या हातून गेला. 'कायमस्वरूपी' म्हणताच, पुस्तक संपले आणि पुन्हा छापले नाही, तरी ते परत मागायची वाट अरुंद झाली. या वाक्याच्या बदल्यात तुम्हाला मिळते काय, तर बहुधा फक्त छापील आवृत्तीवरचे मानधन.

तेच वाक्य असे लिहून घ्यावे: 'लेखक सदर साहित्यकृतीच्या मराठी भाषेतील छापील पुस्तकाच्या व ई-पुस्तकाच्या प्रकाशनाचा अनन्य परवाना प्रकाशकास ५ वर्षांसाठी देत आहे. पुस्तक सलग ६ महिने उपलब्ध नसेल व लेखकाच्या लेखी सूचनेनंतर ३ महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही, तर परवाना संपुष्टात येईल. अन्य सर्व हक्क लेखकाकडे राहतील.' यात प्रकाशकाचे काहीही बुडत नाही. पुस्तक काढण्यासाठी जे लागते ते सगळे त्याला मिळाले आहे. 'हस्तांतर' आणि 'परवाना' यांतला फरकही इथे दिसतो. हस्तांतर म्हणजे घर विकणे आणि परवाना म्हणजे ते भाड्याने देणे. ज्याला पुढे त्याच घरात आणखी खोल्या बांधायच्या आहेत, त्याने विक्रीखत करू नये.

माध्यमानुसार काय मागावे

- छापील पुस्तक: मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर, हे विचारा. ३०० रुपयांच्या पुस्तकाच्या १,००० प्रती गेल्या आणि दर १० टक्के असेल, तर छापील किमतीवर ३०,००० रुपये होतात. विक्रेत्याला ४० टक्के सूट देऊन उरलेल्या १८० रुपयांवर तोच दर लावला, तर १८,००० होतात. दर तोच, पण १२,००० रुपये कमी. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशेब मिळावा, हेही लिहून घ्या.
- ऑडिओ: एकरकमी मोबदला असेल तर मुदत छोटी ठेवा. ऐकण्याच्या वेळेनुसार पैसे मिळणार असतील तर ती आकडेवारी तुम्हाला कशी पाहता येईल, हे ठरवा. तुमच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी वापरले जाणार नाही, असे स्पष्ट कलम आता हवेच.
- रंगभूमी: नाटक निर्मात्याला 'दिले' असे तोंडी कधीच ठरवू नका. प्रत्येक प्रयोगाचे मानधन किती, ठरावीक काळात किमान किती प्रयोग, हौशी आणि स्पर्धेतल्या प्रयोगांची परवानगी कोण देणार आणि अन्य भाषांतले प्रयोग कोणाचे, हे चार मुद्दे लिहा. महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तिथली मंजुरी हा प्रयोगासाठीचा परवाना आहे, लेखकाच्या परवानगीची जागा ती घेत नाही.
- चित्रपट आणि वेब मालिका: कथा देणे, पटकथा लिहिणे आणि संवाद लिहिणे ही तीन कामे आहेत आणि तिन्हींचा मोबदला वेगळा. 'सिंहासन' हा चित्रपट अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर आधारलेला, पटकथा तेंडुलकरांची. मूळ लेखक आणि पटकथाकार यांचे हक्क कसे वेगळे असतात, याचे हे ठळक उदाहरण. निर्मात्याला ठरावीक काळासाठी, पैसे देऊन, कथा राखून ठेवता येते. त्या काळात चित्रपट झाला नाही तर हक्क तुमच्याकडे परत येईल असे लिहा. पुढचे भाग, अन्य भाषांतले अवतार आणि खेळ यांचा वेगळा उल्लेख करा.
- गीते: चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज गाण्याचा जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ते संरक्षण दिले आहे. तो वाटा सोडल्याचे लिहून मागणारे कलम समोर आले तर हा कायदा दाखवा.
- चित्रे आणि मुखपृष्ठ: चित्र कशासाठी वापरायचे ते लिहा: फक्त या पुस्तकासाठी, की दिनदर्शिका, टी-शर्ट आणि जाहिरातींसाठीही. मूळ चित्राची मालकी आणि त्याचे पुनर्मुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनव्हास विकला म्हणून छापण्याचा हक्क विकला गेला, असे होत नाही.

कल्पना सांगण्याआधी ती लिहून काढा

'माझी कल्पना चोरली' ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि कायद्यापुढे सगळ्यांत कमी टिकते. आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट केल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७८ साली न्यायालयाने स्पष्ट केले, की कल्पना, विषय किंवा कथाबीज यांवर कॉपीराइट नसतो. तो त्यांच्या विशिष्ट मांडणीवर असतो. प्रांतवाद हा विषय दोन्हीकडे होता, पण मांडणी वेगळी ठरली. अनेकांना हा निकाल अन्यायाचा वाटतो. तरी त्याची दुसरी बाजू पाहा. विषयावर हक्क मिळू लागला, तर गिरणी संपावर पहिले पुस्तक लिहिणाऱ्याने बाकी सगळ्यांची तोंडे बंद केली असती. तेव्हा तक्रार करण्यापेक्षा मांडणी वाढवा:

1. भेटीआधी कथेचा विस्तृत आराखडा लिहा: पात्रे, प्रसंगांचा क्रम, शेवट. दोन ओळींना संरक्षण नसते, वीस पानांना असते.
2. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करता येते. पुस्तक, नाटक, चित्र यांसाठी कॉपीराइट कार्यालयातही अर्ज करता येतो.
3. भेट झाल्यावर त्याच दिवशी ई-मेल करा: 'आज आपल्याला अमुक कथा ऐकवली, सोबत आराखडा जोडला आहे.' फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही.
4. दोघे मिळून काम करत असाल, तर कोणाचा वाटा किती आणि एकजण बाहेर पडला तर काय, हे मैत्री घट्ट असतानाच लिहा.

'पण नवख्याचे कोण ऐकतो?'

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. पहिले पुस्तक निघतेय हेच नशीब, अटी घातल्या तर प्रकाशक दुसऱ्याकडे वळेल, ही भीती खरी आहे. मराठीत उलाढाल लहान आहे, प्रकाशकही काही धनाढ्य नसतो. म्हणून सगळ्याच मुद्द्यांवर ताणून धरा, असे इथे म्हणणे नाही. रकमेवर माघार घ्या, हक्कांवर घेऊ नका. मानधन ७ टक्के मिळाले तर या वर्षी थोडे कमी पैसे येतील, एवढेच. चित्रपटाचा हक्क कायमचा गेला तर तो तुमच्या आयुष्यात परत येईलच असे नाही. शिवाय हक्क राखून ठेवायला प्रकाशकाला एक रुपयाही खर्च येत नाही, त्यामुळे ही मागणी मान्य होण्याची शक्यता पैशाच्या मागणीपेक्षा जास्त असते. 'ऑडिओ आणि दृक्‌माध्यमांचे हक्क माझ्याकडे ठेवू या, आपण त्यात काही करणार असाल तर पहिला प्रस्ताव आपलाच ऐकेन,' एवढे सौम्यपणे सांगितले तरी पुष्कळदा भागते.

'माझ्या कथेवर कोण चित्रपट काढणार?' असे म्हणून हा प्रश्न सोडून देणारेही असतात. त्यांनी काळाचा पल्ला लक्षात घ्यावा. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले १९७० साली. त्यावरचा चित्रपट आला २०१६ साली, शिरवाडकरांच्या निधनानंतर १७ वर्षांनी. कृतीला कधी आणि कुठे मागणी येईल, हे तिच्या जन्माच्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. न सांगता येणारी गोष्ट आजच्या भावात विकून टाकू नये.

नाव आणि मूळ रूप: विकल्यावरही तुमचे

हक्क हस्तांतरित केल्यानंतरही दोन गोष्टी लेखकाकडे उरतात: आपले नाव लागण्याचा हक्क आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला विरोध करण्याचा हक्क. कायद्याचे कलम ५७ हे सांगते. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली म्हटले, की माध्यम बदलताना आवश्यक ते बदल करता येतात, पण कृतीचा विपर्यास करता येत नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले होते. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष आणि ५ लाख रुपये भरपाई त्यांना देण्याचा आदेश दिला. तरीही एक पथ्य पाळा. दिग्दर्शकाने शेवट बदलला म्हणून लगेच कोर्टाची भाषा करू नका. पटकथेच्या मसुद्यावर मत देण्याची संधी आणि श्रेयनामावलीतले नावाचे स्थान करारातच ठरवून घेतलेत, तर बहुतेक भांडणे उद्भवतच नाहीत.

हिशेब, कर आणि वारसा

- हक्कांची वही ठेवा. प्रत्येक कृतीसमोर रकाने करा: माध्यम, भाषा, कोणाला दिले, कधीपर्यंत, किती मिळाले, करार कुठे ठेवला आहे. मुदत संपण्याच्या ३ महिने आधीची तारीख वेगळ्या रंगात लिहा.
- कर: मानधनातून १० टक्के कर कापला जातो तेव्हा तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे पाहा. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या लेखकाला पुस्तकांवरच्या रॉयल्टीवर ३ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते, पण शालेय पाठ्यपुस्तके त्यात बसत नाहीत. सगळ्या माध्यमांची मिळून वार्षिक उलाढाल २० लाखांकडे सरकू लागली, तर जीएसटीबाबत सनदी लेखापालाचा सल्ला घ्या.
- मृत्युपत्र: हक्क तुमच्यानंतर ६० वर्षे टिकणार आहेत. परवानगी कोणी द्यायची हे नाव घेऊन लिहिले नाही, तर चार वारसांच्या मतभेदात नवी आवृत्तीही अडकते.

यातले बरेचसे नियम लेखकांना कोणी आयते दिलेले नाहीत. २०१२ ची दुरुस्ती झाली ती गीतकार, संगीतकार आणि पटकथाकारांनी दीर्घकाळ एकत्र येऊन मागणी केल्यामुळे. मराठीतही करारांची भाषा तशीच बदलेल. ज्यांचे नाव झाले आहे, ज्यांना प्रकाशक आणि निर्माते नाही म्हणू शकत नाहीत, त्यांनी 'सर्व हक्क' हे शब्द आपल्या करारातून खोडून घेतले पाहिजेत, कारण त्यांनी मान्य केलेला मसुदाच पुढे नवख्यासमोर छापून येतो. आणि तुम्ही नवखे असाल, तर पुढचा करार आला की सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या, वरची कलमे त्यात शोधा आणि किमान एक हक्क स्वतःकडे ठेवल्याशिवाय पेन उचलू नका.